आरतीतली फळी

चि. मुक्तास,


गणपतीत मोठ्या मुलांच्या मागे उभं राहून पहिलीची पोरं आरती चुकीची शिकली आणि आता शाळेतही तशीच म्हणतात, म्हणून वर्गात लहानांना चौथीच्या मुलांपासून लांब बसवावं का, असं तू विचारतेस. तसं करू नकोस. चूक मोठ्या मुलांमुळे होते हे मला पटत नाही. अर्थ कोणी सांगितलेला नसतो, म्हणून ती होते.

त्या चुकाच नीट ऐक. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ म्हणताना ‘फणिवर’चं ‘फळीवर’ होतं, ‘संकटी’चं ‘संकष्टी’. यातली एकही चूक वेडगळ नाही. फणिवर म्हणजे मोठा नाग, तो गणपतीने पोटाला बांधला आहे, हे सहा वर्षांच्या मुलाला कोण सांगतं? फळी त्याने पाहिलेली असते, कितीतरी घरांत देवही फळीवरच असतात. संकष्टी तर दर महिन्याला येते. झांजांच्या गजरात अर्धवट ऐकू आलेला अनोळखी शब्द मन ओळखीच्या शब्दाने भरून काढतं. मोठी माणसंही असंच ऐकतात, म्हणून तर कितीतरी आजोबा आजही ‘फळीवर’ म्हणतात. ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणारं मूलही असंच विचार करत असतं: ‘धर’चं ‘धरलं’, ‘भर’चं ‘भरलं’, मग ‘कर’चं दुसरं काय होणार?

आणि मोठ्या मुलांकडून भाषा उचलणं ही केवढी ताकद आहे, ते निकाराग्वात दिसलं. मानाग्वा शहरात १९७७ मध्ये सुरू झालेल्या विशेष शाळेत बहिरी मुलं प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांना स्पॅनिश बोलायला आणि ओठ वाचायला शिकवत. ते फारसं साधलं नाही. मुलांनी मात्र मैदानात आणि बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या. पुढच्या वर्षांत लहान वयात आलेल्या मुलांनी मोठ्यांच्या त्या ओबडधोबड खुणा उचलल्या, पण तशाच ठेवल्या नाहीत. अ‍ॅन सेंगास यांच्या अभ्यासातून दिसतं की या धाकट्यांच्या खुणांत व्याकरण अधिक पक्कं आहे. मोठ्यांकडून अपुरं मिळालेलं लहानांनी पुरं केलं.

तू म्हणशील, तिथे चूक ठरवायला आधीची भाषाच नव्हती. आरतीचे शब्द तर ठरलेले आहेत. खरं आहे, आणि म्हणून आरती सुधारलीच पाहिजे. पण दोन चुका वेगळ्या ओळख. ‘केलं’ कानावर दिवसभर पडतं, त्यामुळे ‘करलं’ आपोआप जाईल. त्यासाठी कुणाला टोकू नकोस. ‘फणिवर’ वर्षातले थोडे दिवस, तोही गजरात, ऐकू येतो. तो समजावल्याशिवाय सुधारणार नाही, नुसता घोकून तर नाहीच. वर्गात हसं मात्र होऊ देऊ नकोस, कारण हसं झालेलं मूल पुटपुटायला लागतं आणि मग त्याची चूक तुझ्या कानावर येतच नाही. आधी चौथीच्या मुलांना बोलाव, गणपतीच्या चित्रातला पोटावरचा नाग दाखव, शब्द फोडून सांग, आणि पहिलीला शिकवायचं काम त्यांच्याकडेच दे. लहानांचा विश्वास त्यांच्यावर आहेच.

तुझी,
मावशी