मार्जारमीन : ॲरिस्टॉटलच्या एका निरीक्षणाची कथा

ज्या माशांच्या मुखाभोवती मांजराप्रमाणे मिशा असतात, त्यांना मार्जारमीन असे म्हणतात. आपल्या नद्या-तळ्यांतील शिंगाळा व मांगूर हे मासे याच गणातील होत. त्यांच्या अंगावर खवले नसतात. त्यांच्या मिशा म्हणजे केस नव्हेत. त्या मांसल असून स्पर्शाबरोबरच रुचीचेही ज्ञान करून देतात. म्हणूनच गढूळ पाण्यात व रात्रीच्या अंधारात, जेथे डोळ्यांचा उपयोग नसतो तेथेही, या माशांना आपले भक्ष्य शोधता येते.

या गणातील ‘सिल्युरस’ हा वंश युरोप व आशिया या दोन्ही खंडांतील गोड्या पाण्यात पसरलेला आहे. रुंद व चपटे डोके, पाठीवर अगदी लहान पर आणि पोटाखाली शेपटीपर्यंत गेलेला लांब पर, ही त्याची लक्षणे होत. डॅन्यूब, व्होल्गा इत्यादी नद्यांत राहणारा ‘वेल्स’ हा या वंशातील सर्वांत प्रसिद्ध मासा. तो अडीच मीटरांहूनही लांब वाढतो. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ मध्ये त्याला ‘सिल्युरस ग्लॅनिस’ असे नाव दिले. यांतील ‘ग्लॅनिस’ हा शब्द प्राचीन ग्रीक भाषेतील आहे. आणि येथूनच एका घोटाळ्याला आरंभ झाला.

नर राखण करतो काय?

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात ‘ग्लॅनिस’ नावाच्या नदीतील माशाचे वर्णन केले आहे. मादी अंडी घालून निघून जाते. नर मात्र अंड्यांजवळ राहतो, ती खाण्यास येणाऱ्या लहान माशांना हुसकावून लावतो आणि पिल्ले स्वतःचा बचाव करण्याजोगी होईपर्यंत, म्हणजे चाळीस-पन्नास दिवस, पहारा देतो, असे त्याने लिहिले. अंगावर धावून जाताना नर जो आवाज करतो, त्यावरून कोळ्यांना त्याची जागा कळते, हेही त्याने नोंदविले.

पुढील काळातील विद्वानांनी ग्लॅनिस म्हणजे वेल्सच, असे गृहीत धरले. वेल्स अशी राखण करतो हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यामुळे ॲरिस्टॉटलचे वर्णन संशयास्पद ठरले.

मिशांनी दिलेली साक्ष

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले लुई अगॅसी हे प्राणिशास्त्रज्ञ १८४६ मध्ये अमेरिकेत गेले. तेथील मार्जारमीन आपल्या अंड्यांची व पिल्लांची राखण करतात, असे त्यांना आढळून आले. मग ॲरिस्टॉटलचे म्हणणे खोटे कशावरून? त्यांनी पश्चिम ग्रीसमधील अखेलोस नदीतील मासे तपासले. वेल्सला मिशांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा मिशा असतात. या ग्रीक माशाला मात्र चारच होत्या. तो वेल्स नव्हता. ती निराळीच जाती होती. १८९० मध्ये सॅम्युअल गार्मन यांनी तिचे नाव ॲरिस्टॉटलवरूनच ठेवले. आज ती ‘सिल्युरस ॲरिस्टॉटेलिस’ या नावाने ओळखली जाते.

चीन व जपान या देशांत आढळणाऱ्या ‘सिल्युरस असोटस’ या जातीच्या प्रौढ माशांनाही चारच मिशा असतात. म्हणून ग्रीसमधील हा मासा एके काळी आशियाई जातींबरोबर एका वेगळ्या वंशात घातला जात असे. पुढे असेही दिसून आले की, वेल्सचा नरसुद्धा अंड्यांवर पहारा ठेवतो. म्हणजे संशय घेणाऱ्यांची चूक दुहेरी होती. त्यांनी एका माशाला दुसरा मासा समजले, आणि जे आपल्या पाहण्यात आले नाही ते घडतच नाही असे मानले.

शास्त्रात जुन्या ग्रंथावर केवळ तो जुना म्हणून विश्वास ठेवू नये, हे खरे. परंतु न तपासता तो टाकूनही देऊ नये. विद्यार्थ्यांनी बाजारात शिंगाळा किंवा मांगूर दिसल्यास त्याच्या मिशा मोजून पाहाव्या. या दोहोंना चार-चार जोड्या असतात. जाती ओळखण्याचा पहिला धडा या लहानशा मोजणीतच आहे.