राउटरची जागा

(शहरांप्रमाणेच आता तालुक्याच्या गावांतही घरोघरी इंटरनेट आले आहे. राउटर बसवला, की घरातील सर्व खोल्यांत इंटरनेट मिळणार, असे आपण समजतो. पण नेहमी तसे होत नाही. असे का होते आणि नवी वस्तू विकत घेण्याआधी काय तपासावे, हे या पाठातील मुलाने आपल्या घरातील गोष्टीतून सांगितले आहे.)

आमचे घर शिरूरच्या जुन्या वस्तीत आहे. घोड नदी तेथून जवळच आहे. घर जुने आहे. आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक चार खोल्या आहेत. भिंती दगडी आणि चांगल्या हातभर जाड आहेत. उन्हाळ्यात घर थंड राहते, म्हणून अम्मीला ते फार आवडते.

२०२५ सालच्या मे महिन्यात आमच्या घरी इंटरनेट आले. कंपनीच्या माणसाने काचतंतूची बारीक तार पुढच्या खोलीत आणली. दाराजवळ लोखंडी कपाट आहे. त्याच्यामागे, जमिनीलगतच्या फळीवर त्याने राउटर ठेवला आणि तो निघून गेला. पुढच्या खोलीत इंटरनेट छान चालू लागले. दुसऱ्या खोलीत ते रखडत चाले. तिसऱ्या खोलीत अधूनमधून येई आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नसे.

बाजी तिसऱ्या खोलीत अभ्यास करते. ती नुकतीच दहावी पास झाली होती. त्या वर्षी प्रथमच अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन होणार होते. त्याआधी ही पद्धत पुणे, मुंबई यांसारख्या काही शहरांतच होती. बाजीला अर्ज भरायचा होता, कागदपत्रांची छायाचित्रे पाठवायची होती आणि महाविद्यालयांचे पसंतीक्रम द्यायचे होते. पुढच्या खोलीत अब्बांचे शिलाईचे काम चाले. तेथे गिऱ्हाइकांची ये-जा असे. म्हणून बाजी मोबाइल घेऊन बाहेरच्या पायरीवर बसू लागली. पण त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. पायरीवर बसणे अवघड झाले. आत यावे, तर छायाचित्र अर्धे जाऊन अडकून पडे. अर्जाची मुदत जवळ येत होती. बाजी काळजीत पडली.

अब्बा दुकानात चौकशी करून आले. ते म्हणाले, “सहा काड्यांचा मोठा राउटर मिळतो. चार हजार रुपये पडतील.”

अम्मी गप्प राहिली. बाजीची पुस्तके आणि एस.टी.चा पास यांसाठी तिने डब्यात पैसे साठवले होते. दुसरे पैसे घरात नव्हते. थोड्या वेळाने ती म्हणाली, “घेण्याआधी एकदा माझ्या भावाला विचारू या.”

मामू दौंडला राहतात. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. पुणे, सोलापूर आणि मनमाड यांकडून येणारे लोहमार्ग तेथे मिळतात. मामू रेल्वेच्या सिग्नल विभागात काम करतात. रविवारी सकाळी ते चौफुला आणि न्हावरे मार्गे शिरूरला आले. त्यांच्या पिशवीत एक जुना छोटा राउटर होता.

“दुल्हाभाई, पैसे लगेच खर्च करू नका,” ते अब्बांना म्हणाले. “आधी रोग कुठे आहे ते पाहू. मग औषध ठरवू.”

मामूंनी मला वही आणि पेन्सिल आणायला सांगितली. मी घराचा नकाशा काढला. मामूंनी राउटरवरचे दिवे पाहिले. लाल दिवा लागलेला नव्हता. मग ते मोबाइल घेऊन राउटरच्या अगदी जवळ उभे राहिले आणि त्यांनी वेग मोजला. आमचे कनेक्शन ४० एमबीपीएसचे आहे. तेथे वेग ३८ आला. दुसऱ्या खोलीत तो ९ आला, तिसऱ्या खोलीत १ आणि स्वयंपाकघरात काहीच आले नाही. मी प्रत्येक आकडा नकाशावर लिहिला.

“आता सांग, यावरून काय समजते?” मामूंनी मला विचारले.

मी विचार करून म्हणालो, “राउटरजवळ वेग पूर्ण आहे. म्हणजे कनेक्शन चांगले आहे.”

“शाबास! आणि राउटरही चांगला आहे. बिघाड वाटेत आहे.”

मग मामूंनी आम्हांला सोप्या शब्दांत समजावून सांगितले. काचतंतूतून माहिती प्रकाशाच्या रूपाने घरात येते. राउटर ती माहिती घेतो आणि बिनतारी लहरींच्या रूपाने घरात पसरवतो. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्याही प्रकाशासारख्याच एक प्रकारच्या लहरी आहेत. आपल्या देशाचे थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच बिनतारी लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून दाखवली होती. त्या लहरी मधल्या भिंती पार करून गेल्या होत्या. वायफायचे पहिले मानक मात्र त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १९९७ साली तयार झाले.

“मग आपल्या भिंतींतून लहरी का जात नाहीत?” बाजीने विचारले.

मामू म्हणाले, “जातात, पण प्रत्येक भिंत त्यांची थोडी शक्ती शोषून घेते. भिंत जितकी जाड, तितकी शक्ती जास्त जाते. लोखंडी कपाट तर लहरींना परतवूनच लावते. पत्रा, आरसा, पाण्याने भरलेले पिंप हेही लहरींना अडवतात. तुमचा राउटर कपाटामागे, जमिनीलगत आणि घराच्या एका टोकाला आहे. त्याच्या निम्म्या लहरी तर रस्त्यावरच जातात!”

आम्ही सगळे हसलो.

बहुतेक राउटरच्या लहरी दोन प्रकारच्या असतात, हेही मामूंनी सांगितले. एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिल्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीएवढी असते. दुसरीची तिच्याही निम्मी असते. २.४ ची लहर दूर जाते व भिंती त्यातल्या त्यात बऱ्या पार करते. पण ती माहिती कमी वेगाने नेते. शेजाऱ्यांचे राउटर आणि ब्लूटूथ यांचीही त्या पट्ट्यात गर्दी असते. ५ ची लहर माहिती वेगाने नेते. पण भिंतीपुढे लवकर थकते.

मामूंनी प्रथम राउटर कपाटामागून काढला आणि समोरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीच्या फळीवर ठेवला. काचतंतू तीव्र वळला तर तुटतो, म्हणून त्यांनी त्याला हळूच सैल गोलाई दिली. मी पुन्हा वेग मोजला. दुसऱ्या खोलीत आता २४ आला. तिसऱ्या खोलीत मात्र ४ च आला. एक पैसाही खर्च न होता बरीच सुधारणा झाली; पण काम पुरे झाले नव्हते.

“दगडाच्या दोन भिंती आहेत,” मामू म्हणाले. “येथे सहा काड्यांचा राउटरही फारसे काही करू शकला नसता. जेथे लहर थकते, तेथे तारेची मदत घ्यावी.”

अब्बांनी बाजारातून पंधरा मीटर लांबीची नेटवर्कची केबल आणली. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते. आम्ही ती दारांच्या चौकटींवरून तिसऱ्या खोलीपर्यंत नेली. तेथे मामूंनी आपला जुना राउटर कोनाड्यात ठेवला. त्यांनी त्याला ॲक्सेस पॉइंट केले, म्हणजे फक्त लहरी पसरवण्याचे काम दिले. दोन्ही राउटर कारभारी झाले, तर घोटाळा होतो. दोघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. त्यामुळे खोली बदलली, तरी मोबाइल आपोआप जवळचा राउटर पकडतो. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहीत. म्हणून मामूंनी पुढच्या राउटरला १ आणि मागच्याला ११ ही वाहिनी दिली.

“आता सर्वांत महत्त्वाचे काम,” असे म्हणून त्यांनी राउटरच्या तळाचा कागद दाखवला. तेथे छापलेला पासवर्ड त्यांनी बदलायला लावला. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचाही एक वेगळा पासवर्ड असतो. तोही बदलला. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ निवडले. नवीन राउटरवर डब्ल्यूपीए-३ असेल, तर ते अधिक चांगले. मी पासवर्ड म्हणून आमचा फोन नंबर सुचवला. मामू म्हणाले, “तो तर सगळ्या गल्लीला माहीत आहे! एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोड. लक्षात राहतील आणि दुसऱ्याला ओळखता येणार नाहीत.”

अब्बांनी विचारले, “पुढे कधी नवा राउटर घ्यायचा झाला, तर काय पाहावे?”

मामूंनी माझ्या वहीत चार प्रश्न लिहून दिले:

१. आपले कनेक्शन किती वेगाचे आहे? ते १०० एमबीपीएसपेक्षा जास्त असेल, तरच गिगाबिट जोडणीचा राउटर हवा.

२. राउटरमध्ये दोन्ही पट्टे आहेत का?

३. डब्ल्यूपीए-३ आहे का? कंपनी त्याच्या आज्ञावलीत वेळोवेळी सुधारणा देते का?

४. आपल्या घरात तो नेमका कोठे ठेवणार? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

काड्या किती आहेत, हा प्रश्न त्या यादीत नव्हता.

संध्याकाळी बाहेर पाऊस पडत होता. बाजी तिसऱ्या खोलीत आपल्या जागेवर बसली. मी वेग मोजला, तो ३६ आला. तिने एकेक कागदपत्र पाठवले, सारी माहिती दोनदा तपासली आणि अर्ज सादर केला. पडद्यावर अर्ज मिळाल्याचा संदेश आला, तेव्हा सर्वांचा जीव भांड्यात पडला. अम्मीने डब्यातले पैसे मोजले. केबलचे पैसे सोडून सारे शिल्लक होते.

जाताना मामू मला म्हणाले, “आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. सिग्नलचा दिवा कितीही तेजस्वी असो, तो ड्रायव्हरला दिसेल अशा जागीच हवा. राउटरचेही तसेच आहे.”

तो नकाशा अजून माझ्या वहीत आहे. शेजारच्या दोन घरांचे नकाशेही आता त्यात आहेत.

शब्दार्थ

काचतंतू – काचेचा अतिशय बारीक धागा, ज्यातून प्रकाशाच्या रूपाने माहिती जाते
मानक – सर्वांनी पाळण्यासाठी ठरवलेले नियम
पट्टा – येथे अर्थ, लहरींच्या कंपनांची ठरावीक मर्यादा
वाहिनी – पट्ट्याचा एक लहान भाग
वीत – ताणलेल्या पंजाचे अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर
कोनाडा – भिंतीत वस्तू ठेवण्यासाठी केलेली जागा, ताक
आज्ञावली – यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या सूचना
जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कंपनीच्या माणसाने राउटर कोठे ठेवला होता?
(आ) बाजी पायरीवर का बसू लागली?
(इ) जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली काय करून दाखवले?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कनेक्शन चांगले आहे, हे मामूंनी कसे ओळखले?
(आ) २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींत कोणता फरक आहे?
(इ) मोठा राउटर घेऊनही अडचण का दूर झाली नसती?

प्र. ३. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
खर्च, बाजार, दुकान, कागद, मदत

प्र. ४. ‘आधी रोग कुठे आहे ते पाहू. मग औषध ठरवू.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

उपक्रम : आपल्या किंवा मित्राच्या घराचा नकाशा काढा. प्रत्येक खोलीत वायफायचा वेग मोजून नकाशावर लिहा आणि राउटरसाठी योग्य जागा सुचवा.