झीज आणि स्प्रिंग

आपल्या जिल्ह्यातील तोरणमाळचा घाट चढताना चालकाला वारंवार क्लच दाबावा लागतो. प्रत्येक वेळी क्लच प्लेटचे अस्तर किंचित झिजते. अस्तर पातळ झाले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, डायफ्रॅम स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल जड होते. झीज आपोआप भरून काढणाऱ्या क्लचमध्ये या वाढलेल्या भाराने आधाराची दुसरी स्प्रिंग थोडी दबते व फट पडते. लहान स्प्रिंगा उतरत्या कडांचे कडे फिरवून ती फट बुजवितात. मुख्य स्प्रिंग मूळ कोनात राहते, पेडल हलकेच राहते.

अस्तर मात्र पुन्हा जाड होत नाही. म्हणून केवळ हलक्या पेडलवर विसंबू नये. चढावर इंजिनाचे फेरे वाढूनही गाडी वेग घेत नसेल, तर क्लचची तपासणी अवश्य करावी.