नकाराचे रूप आणि लेखनाचे रूप : ‘आठवणींचे पक्षी’ व ‘उचल्या’ यांच्या संदर्भात

लेखकाच्या जडणघडणीचा विचार करताना मराठी समीक्षेने प्रेरणा, संस्कार आणि प्रभाव या संकल्पनांचा आधार प्रामुख्याने घेतला आहे. लेखक कोणामुळे लिहिता झाला, याचा शोध त्यामुळे पुष्कळ झाला. त्याने लिहू नये असे कोणाला वाटत होते आणि का वाटत होते, हा प्रश्न मात्र चरित्राच्या दोन-चार ओळींत उरकला जातो. ‘प्रतिकूल परिस्थितीवर जिद्दीने मात करून’ हा शब्दप्रयोग गौरवग्रंथांपासून परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपर्यंत सर्वत्र आढळतो. या शब्दप्रयोगात परिस्थिती निनावी राहते आणि लेखक तेवढा उजळून निघतो. परावृत्त करणारी माणसे कोण होती, त्यांच्या म्हणण्याला काही आधार होता काय, आणि त्यांच्या नकाराचा पुढील लेखनाच्या घडणीशी काही संबंध पोचतो काय, हे प्रश्न अनुत्तरित राहतात.

नांदेड आणि लातूर या परिसराच्या संदर्भात हे प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. तेथे उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मराठी प्रकाशन व्यवसायाची केंद्रे राज्याच्या सीमेपलीकडे, पुण्या-मुंबईत होती. लेखन ही येथे दीर्घकाळ उपजीविकेबाहेरची, किंबहुना उपजीविकेला बाध आणणारी गोष्ट मानली गेली. प्रस्तुत लेखात या परिसरातून आलेल्या दोन आत्मकथनांचा, प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या कृतींचा, वरील प्रश्नांच्या अनुषंगाने विचार करावयाचा आहे.

परीक्षेचा नकार

या दोन कृतींकडे वळण्यापूर्वी याच परिसरातील एका वेगळ्या उदाहरणाची नोंद घेणे आवश्यक आहे. नरहर कुरुंदकर (१५ जुलै १९३२ – १० फेब्रुवारी १९८२) यांना हैदराबाद येथे शिकत असताना इंटरच्या परीक्षेत वारंवार अपयश आले. पुढे ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, पदव्या त्यांनी नंतर संपादन केल्या आणि अखेरीस १९५० साली स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले. ज्या व्यवस्थेने त्यांना अनुत्तीर्ण ठरविले, त्याच व्यवस्थेतील एका महाविद्यालयाचे नाव पुढे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

कुरुंदकरांचे लेखन समीक्षात्मक व वैचारिक असल्यामुळे ते येथे तुलनेपुरतेच विचारात घ्यावयाचे आहे. तथापि, या तुलनेतून एक मुद्दा स्पष्ट होतो. परीक्षेने त्यांना नाकारले. ग्रंथांनी नाकारले नव्हते. मराठीचे व्यासंगी अभ्यासक ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा होते. घराच्या आसपास ग्रंथ होते, वादविवाद होता आणि ऐकून घेणारी वडील मंडळी होती. येथील नकार एका संस्थेचा होता आणि त्याला उत्तर देण्याची साधने घरातच उपलब्ध होती. म्हणूनच त्यांच्या लेखनाची मुद्रा प्रतिवादाची आहे : पूर्वपक्ष मांडावा, त्याची बलस्थाने मान्य करावीत आणि मग तो खोडून काढावा. ज्याला प्रतिपक्षाशी एकाच पातळीवर उभे राहता येते, त्यालाच ही पद्धत साधते. सोनकांबळे आणि गायकवाड यांच्या वाट्याला ही पातळी आली नव्हती.

आश्रिताचे मौन

प्र. ई. सोनकांबळे हे उदगीर परिसरातील. आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे त्यांचे बालपण बहिणीच्या आश्रयाने गेले. ‘आठवणींचे पक्षी’मधील मुलगा अस्पृश्यतेचा दाह सोसतो, हे अभ्यासकांनी पुरेसे नोंदविले आहे. तो आश्रित आहे, ही गोष्ट तुलनेने कमी लक्षात घेतली गेली आहे. ज्या घरात पोटच्या लेकरांना पुरेसे अन्न नाही, त्या घरात वाढणाऱ्या परक्या तोंडाने शाळा शिकावी की कामाला जावे, या प्रश्नाचे उत्तर घरातल्यांच्या दृष्टीने उघड असते. त्यांच्या नाराजीला दुष्टपणा म्हणता येत नाही. ती भाकरीची वजाबाकी असते.

अशा मुलाला तक्रार करण्याची सोय नसते. त्याला गप्प राहावे लागते आणि गप्प राहून पाहावे लागते. कोणाच्या कपाळाला आठी पडली, कोणाचा हात वाढताना आखडला, कोणत्या वेळी घराबाहेर थांबणे शहाणपणाचे, याचे सूक्ष्म भान त्याला येते. ‘आठवणींचे पक्षी’ची शैली या भानातून घडलेली आहे. ही कृती सलग जीवनकथा सांगत नाही. प्रसंग सुटेसुटे येतात, थोडा वेळ थांबतात आणि निघून जातात; शीर्षकातील प्रतिमा या रचनेला नेमकी लागू पडते. निवेदनात आक्रोश जवळजवळ नाही. अत्यंत कठीण प्रसंगही सहज, काही वेळा मिस्किल स्वरात सांगितला जातो. आश्रितपणात लागलेली संयमाची सवयच येथे शैलीचा गुण झाली आहे.

भाषेच्या बाबतीतही हेच दिसते. सोनकांबळे मिलिंद महाविद्यालयात शिकले आणि पुढे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे इंग्रजीचे अध्यापक झाले. प्रमाण मराठी आणि इंग्रजी अशा दोन प्रतिष्ठित भाषांचा मार्ग त्यांना मोकळा होता. तरीही ज्या बोलीत त्यांना गप्प बसविले गेले होते, त्या उदगीर भागातील बोलीचा आधार त्यांनी घेतला. हा निव्वळ वास्तवदर्शनाचा आग्रह नाही. प्रमाणभाषेत सांगितले असते, तर ज्या माणसांनी नकार दिला ती माणसे निवेदकापासून दूर, परकी आणि दोषी वाटू लागली असती. बोलीमुळे ती माणसे निवेदकाच्या बरोबरीनेच उभी राहतात.

जमातीचा नकार

‘उचल्या’मधील नकार याहून वेगळ्या जातीचा आहे. लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म लातूर जिल्ह्यातील धनेगावचा. त्यांचे जन्मवर्ष १९५२ असे नोंदविले जाते. मात्र आपल्याला जन्मतारीख, गाव वा घर असे काहीच नाही, हे सांगूनच ते आत्मकथनाचा प्रारंभ करतात. भामटा, टकारी, पाथरूट अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या जमातीकडे पाहण्याची दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने रूढ केली होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण कागदावरून पुसलेला शिक्का पोलिसांच्या वहिवाटीतून आणि गावाच्या मनातून पुसला गेला नाही.

शाळेत घातलेला लक्ष्मण हा त्या वस्तीत शिकू पाहणारा पहिला मुलगा. तो शाळेत जाऊ लागला आणि वस्तीतील मुलांना हगवण-उलट्यांचा त्रास सुरू झाला. आपल्यातला पोर शाळेत गेल्यामुळेच हे अरिष्ट ओढवले, असा निष्कर्ष जमातीने काढला आणि वडिलांवर दडपण आणले. वडील, मार्तंड, त्यापुढे झुकले नाहीत. हा प्रसंग अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून नेहमी उद्धृत केला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु एवढ्यावर थांबल्यास त्याचा अर्थ निम्माच हाती लागतो. ज्या जमातीला सरकारी इमारत म्हणजे पोलीस ठाणे आणि सरकारी कागद म्हणजे गुन्ह्याची नोंद एवढाच अनुभव होता, तिने आपला मुलगा लेखणीच्या बाजूला जाताना पाहून भयभीत व्हावे, हे तर्काला सोडून नाही. त्या समाजाच्या अनुभवात लिहिण्याचे काम नेहमी दुसऱ्या बाजूने होत आले होते आणि त्यातून आपल्या माणसाचे कधी भले झाले नव्हते.

या दृष्टीने पाहिल्यास ‘उचल्या’ ही कृती नोंदीला दिलेली प्रतिनोंद ठरते. पोलिसांच्या वहीत माणसाचे नाव, जात आणि गुन्हा एवढेच येते. गायकवाड त्या गुन्ह्यामागची भूक, शिकवणूक, मारहाण, हिस्सेवाटप आणि घरातील वाट पाहणे हे सारे लिहितात. चोरीच्या कसबाचे तपशील ते लपवीत नाहीत आणि सुशोभितही करीत नाहीत. निवेदक ‘मी’ असला तरी त्याचा ‘मी’ वारंवार ‘आम्ही’त मिसळतो, कारण शिक्का एकावर नव्हे, तर साऱ्या जमातीवर होता. लातूरच्या सूतगिरणीतील नोकरी, तेथील कामगार चळवळ आणि पुढे भटक्या-विमुक्तांचे संघटन या टप्प्यांनी निवेदनाचा उत्तरार्ध व्यापला आहे. त्यामुळे ‘उचल्या’ची गती सोनकांबळे यांच्या कृतीप्रमाणे सुट्या आठवणींची न राहता घटनाक्रमाची, साक्षीदाराच्या जबानीसारखी होते.

समीक्षेचा नकार

लिहून झाल्यानंतरही नकार संपत नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) यांच्यासह या साऱ्या आत्मकथनांविषयी मराठीत दोन आक्षेप सातत्याने घेतले गेले. पहिला समीक्षेकडून : हा समाजशास्त्राचा कच्चा माल आहे, निर्मिती नव्हे, अनुभव संपला की लेखक संपेल. दुसरा ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्या समाजांतील सुशिक्षितांकडून : विसरावयाच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला मांडावयाच्या?

पहिल्या आक्षेपाला १९८८ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने उत्तर मिळाले, असे ‘उचल्या’बाबत म्हटले जाते. हे उत्तर पुरेसे नाही. पुरस्काराने कृतीला प्रतिष्ठा मिळते. ती निर्मिती का आहे, हे त्याने सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्याची जबाबदारी वाचनाची आहे. वरील विवेचनावरून दिसते की, समान दारिद्र्य आणि जवळजवळ समान भूगोल असूनही या दोन कृतींची रचना, स्वर आणि निवेदकाचे स्थान भिन्न आहे. कच्चा माल असता, तर तो दोन्हीकडे सारखाच राहिला असता. येथे निवड आहे, क्रम आहे, काय वगळावे याचा विवेक आहे. ‘वकिल्या पारधी’, ‘वडार वेदना’ यांसारखे गायकवाडांचे पुढील लेखन पाहता अनुभव संपल्याचे भाकीतही खरे ठरले नाही.

दुसऱ्या आक्षेपाची बाजू अधिक गंभीर आहे. शिक्षण घेऊन नुकत्याच स्थिरावलेल्या माणसाला आपल्या आडनावाशी जुना शिक्का पुन्हा जोडला जाण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि लेखकाला मिळणारा सन्मान त्याच्या वाट्याला येत नाही. या दोन्ही कृतींत आपल्या माणसांविषयी तुच्छता नाही, हेच या आक्षेपाला मिळू शकणारे उत्तर होय.

जिद्द या शब्दाची मर्यादा

या साऱ्या विवेचनाचा एक परिणाम अध्यापनाच्या संदर्भात विचारात घेणे अगत्याचे आहे. ‘जिद्द’ हाच या कृतींचा आशय मानला, तर ज्यांना लिहिता आले नाही त्यांच्यात जिद्द नव्हती, असा निष्कर्ष निमूटपणे स्वीकारावा लागतो. सोनकांबळे यांच्यासारखी किती आश्रित मुले शेतावर राबत राहिली आणि गायकवाडांच्या वस्तीतील किती मुले शाळेच्या दारातून माघारी वळली, याची नोंद कोठे नाही. लेखकांच्या वाट्याला त्यांच्या चिकाटीबरोबरच काही ठोस गोष्टी आल्या होत्या : एका ठिकाणी मिलिंद महाविद्यालयासारखी संस्था, दुसऱ्या ठिकाणी न झुकणारा बाप आणि कामगार चळवळ. नकाराविरुद्ध एकटा माणूस क्वचितच टिकतो. कोणीतरी एक होकार कोठून तरी यावा लागतो.

१९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड-लातूर परिसरातील पदव्युत्तर अध्ययनाचे केंद्र जवळ आले. २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले. या काळात लातूरचे नाव मात्र राज्यभर झाले ते परीक्षेतील यशाच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे. खेड्यातील मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे या पद्धतीने उघडून दिली, हे निर्विवाद आहे. परंतु तिने नकाराला नवे, सभ्य रूपही दिले. आज कोणी मुलाच्या लेखनामुळे वस्तीवर अरिष्ट येईल असे म्हणत नाही. त्याला गुण किती मिळतील, एवढेच विचारले जाते. हा प्रश्नही बहुधा काळजीपोटी विचारला जातो आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड असते.

वहीत लपवून कविता लिहिणारा विद्यार्थी जेव्हा प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहतो, तेव्हा त्याला यशाची हमी देणे खोटे ठरेल आणि घरच्यांशी झगडण्याचा उपदेश करणे सोपे ठरेल. ‘आठवणींचे पक्षी’ आणि ‘उचल्या’ या कृती तिसरी शक्यता दाखवितात. जे ‘नको’ म्हणतात, ते कोणत्या भीतीने म्हणतात, हे त्याने नीट ऐकावे, त्यांच्याच बोलीत उतरवावे आणि ती वही वाचण्यासाठी कोणीतरी वेळ काढावा. या परिसरातील दोन महत्त्वाची पुस्तके अशाच ऐकण्यातून उभी राहिली आहेत.