मॉड्यूल, वर्णमाला आणि आमचा शब्दसंग्रह

आमच्या बऱ्हाणपूरचे नाव संगणकावर किमान चार प्रकारे लिहिले जाते. पहिल्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि पुढे ह जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ह येतो. तिसरा प्रकार रफाराचा, म्हणजे ‘बर्हाणपूर’, आणि चौथा हिंदीतला ‘बुरहानपुर’. तिसरा व चौथा आपल्याला ओळखू येतात. पहिले दोन मात्र पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात; वाचणाऱ्याला फरक कळायचे कारणच नाही. संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत.

ही गोष्ट मला साहित्याच्या अभ्यासातून कळली नाही. आमच्या महाविद्यालयातील मराठीच्या विद्यार्थ्यांनी या परिसरातील बोलींचे शब्द काही वर्षे कार्डांवर गोळा केले होते. संगणकशास्त्र शिकलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ती कार्डे संकेतस्थळावर चढवायला मदत केली. पहिल्याच दिवशी मी शोधखिडकीत गावाचे नाव टाकले, तर थोड्याच नोंदी आल्या. उरलेल्या तिथेच होत्या, पण दुसऱ्या प्रकारे टंकलेल्या. हा दोष दूर करण्यासाठी आम्ही एक छोटे मॉड्यूल तयार करून संकेतस्थळाला जोडले. त्या कामातला भाषेचा भाग किती आणि संगणकाचा किती, हे भाषेच्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख लिहीत आहे.

मॉड्यूल म्हणजे काय?

बऱ्हाणपूरकराला हे समजावणे सोपे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगल काळात बांधलेला आमचा कुंडी भंडारा आजही पाहता येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने शहराकडे येते आणि त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या कुंड्या खणलेल्या आहेत. प्रत्येक कुंडी स्वतंत्र आहे; तिची साफसफाई वेगळी करता येते. पण तिचा तळ बोगद्याच्या पातळीशी जुळलाच पाहिजे. मॉड्यूलवर उभ्या असलेल्या संकेतस्थळाची रचना अशीच असते. मुख्य प्रणाली हा बोगदा आणि एकेक काम करणारी मॉड्यूले या कुंड्या. मॉड्यूलला काय मिळणार आणि त्याने काय परत द्यायचे, हा करार म्हणजे पातळी. ती जुळली नाही तर उत्तम मॉड्यूलही कोरडे राहते.

आमचे संकेतस्थळ विकिपीडिया ज्या मुक्त प्रणालीवर चालतो त्या मीडियाविकीवर उभे आहे. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. तिथे वारंवार लागणाऱ्या मजकुराच्या चौकटीला ‘साचा’ म्हणतात आणि साच्यामागे राहून हिशेब करणाऱ्या मॉड्यूलला ‘विभाग’ म्हणतात. (महाविद्यालयातही विभाग असल्याने घोटाळा नको, म्हणून मी येथे मॉड्यूल हाच शब्द वापरतो.) ही मॉड्यूले लुआ या भाषेत लिहितात. ती 1993 मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील विद्यापीठात तयार झाली; पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. ती विकीत चालवणाऱ्या जोडणीचे नाव स्क्रिबुंटो. हे लॅटिन क्रियापदाचे आज्ञार्थी रूप असून अर्थ होतो, ‘त्यांनी लिहावे’. विकिपीडियावर ही सोय 2013 मध्ये आली. त्याआधी सगळे हिशेब साच्यांतच कोंबावे लागत. ते वाचायला अवघड आणि चालायला मंद होत.

इंग्रजी विकिपीडियाचे संदर्भ मांडणारे मॉड्यूल मराठीसह अनेक भाषांनी घेतले आहे. त्यातली महिन्यांची नावे, सूचनांची वाक्ये अशा भाषेच्या गोष्टी मुख्य मॉड्यूलपासून वेगळ्या पानावर ठेवलेल्या असतात. ज्याने त्याने ते पान आपल्या भाषेत करून घ्यायचे. मूळ हिशेबाला हात लावायचा नाही. पुनर्वापराचे हे मर्म आम्ही तिथूनच उचलले.

अक्षरे किती आणि कोणत्या क्रमाने?

काम सुरू करताना माजी विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, ‘केळी’मध्ये अक्षरे किती?” मी म्हणालो, दोन. युनिकोडच्या हिशेबाने तिथे चार चिन्हे आहेत: क, एकार, ळ, दीर्घ ईकार. लुआचे साधे मोजमाप तर बारा सांगते, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. वृत्ते शिकवताना आपण अक्षरे आणि मात्रा वेगळ्या मोजतो. त्या सवयीमुळे हे तीन हिशेब मला परके वाटले नाहीत. कोणत्या कामाला कोणता हिशेब, हे आधी ठरवले नाही तर शब्द भलत्याच जागी तुटतो.

मग क्रमाचा प्रश्न आला. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पाठोपाठ, व च्या आधी बसवला आहे. देवनागरीचा तो तक्ता हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत या सर्वांसाठी आहे आणि त्यातले क्रमांक ही कोणाची वर्णमाला नाही. पण आपण काहीच सांगितले नाही, तर लुआ त्याच क्रमांकांनी यादी लावते. आमच्या यादीत ‘केर, केळी, केवडा, केशर, केस’ असा क्रम आला. मराठी वर्णमालेत ह नंतर ळ येतो. म्हणून तो ‘केर, केवडा, केशर, केस, केळी’ असा हवा. केळीच्या जिल्ह्यात केळीच चुकीच्या जागी सापडावी, हे काही बरे दिसेना. ॲ ची गत याहून वाईट होती. हे अक्षर तक्त्यात उशिरा, सर्व व्यंजनांच्या पुढे घातले गेले, त्यामुळे ‘ॲसिड’ हा शब्द ‘हळद’च्याही मागे गेला.

भाषाभाषांच्या क्रमाचे नियम युनिकोड संस्थेने वेगळे नोंदवून ठेवले आहेत आणि त्यांत मराठीचेही आहेत. परंतु विकीतल्या लुआला ती सोय थेट हाताशी येत नाही. म्हणून आम्ही आमचे कोष्टक केले: प्रत्येक अक्षरापुढे त्याचा अनुक्रमांक. ळ ला ह नंतरचा, त्यापुढे क्ष आणि ज्ञ. ॲ ला ए नंतर जागा दिली. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र मानायचे, की क व ज यांच्या जोडाक्षरांत धरायचे, अनुस्वाराचे शब्द आधी घ्यायचे की नंतर, यावर आमची दोन दुपारभर चर्चा झाली. आपल्या कोशांतही याबाबत एकच रीत नाही. या चर्चेत संगणकाच्या जाणकाराला बोलण्यासारखे फारसे नव्हते, तो फक्त विचारत होता, “मग काय ठरले?”

आमची चूक

मॉड्यूलचे दुसरे काम एकाच शब्दाची वेगवेगळी टंकरूपे जुळवण्याचे. ऱ चे दोन प्रकार एक मानायचे. ॲ हे अक्षर आणि अ वर चंद्र देऊन केलेले रूप एक मानायचे. इथपर्यंत ठीक होते. पुढचे पाऊल मी सुचवले आणि ते चुकले.

आमच्या परिसरातील खानदेशी वळणाच्या बोलीत ळ च्या जागी पुष्कळदा य येतो: केळीला केयी, डोळ्याला डोया, काळाला काया. मला वाटले, अशा जोड्यांचेही कोष्टक करावे आणि ते सर्व नोंदींवर एकदाच फिरवून संग्रह एकसारखा करून टाकावा. एका रात्रीत ते झाले. दोन दिवसांनी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी विचारायला आली, “सर, माझ्या आजीचा शब्द कुठे गेला?” तिने आजीकडून ‘केयी’ लिहून आणला होता, नोंदीत आता ‘केळी’ होती. शोधत गेलो तर आणखी कळले की, एका भजनाच्या स्पष्टीकरणात शरीर या अर्थी आलेली ‘काया’सुद्धा ‘काळा’ झाली होती.

बोली टिकवण्यासाठी केलेला संग्रह मीच प्रमाणभाषेत बदलून टाकला होता. विकीत प्रत्येक पानाचा जुना इतिहास राहतो, म्हणून नोंदी परत मिळाल्या. कार्डे टाकून देऊन साध्या तक्त्यात काम केले असते, तर मिळाल्या नसत्या.

यातून आम्ही दोन नियम केले. टंकण्याचा फरक असेल तर मॉड्यूलने तो एक मानावा. उच्चाराचा फरक असेल तर दोन्ही नोंदी राहाव्यात आणि एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट असावी. आणि मॉड्यूलने मूळ नोंद कधीच बदलू नये. तुलनेसाठी, यादीसाठी त्याने शब्दाचे वेगळे रूप मनात तयार करावे. वाचकाला दाखवायचे ते जसे लिहून आले तसेच.

जोडणीचे टप्पे

असे काम कोणाला करायचे असेल, तर आमचा क्रम येथे देतो.

1. मॉड्यूलचे काम एका वाक्यात लिहावे. वाक्यात ‘आणि’ आला की दोन मॉड्यूले करावीत. आम्ही क्रमाचे एक आणि टंकरूपांचे एक, अशी दोन केली.

2. घेणे-देणे ठरवावे. आमचे क्रमाचे मॉड्यूल शब्दांची यादी घेते आणि तीच यादी लावून परत देते. बाकी पानाला ते हात लावत नाही.

3. भाषेचे कोष्टक वेगळ्या पानावर ठेवावे आणि ते भाषेच्या माणसाने भरावे.

4. जोडण्याआधी परीक्षेचे शब्द काढावेत. केळी, केस, ॲसिड, क्षेत्र, ज्ञान, दऱ्या असे अडचणीचे शब्द घेऊन अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहावे आणि मग मॉड्यूलचे उत्तर पाहावे.

5. मॉड्यूलला साच्यातून बोलवावे. नोंद भरणाऱ्याला साच्याचे नाव माहीत असले की पुरे. आतले काही कळण्याची गरज नाही.

6. मुख्य प्रणालीची नवी आवृत्ती आली की परीक्षेचे शब्द पुन्हा चालवावेत. मुख्य प्रणालीत बदल करून तात्पुरते काम भागवण्याचा मोह टाळावा. पुढच्या आवृत्तीत तो बदल पुसला जातो.

दुसऱ्या घरी

मॉड्यूल पुन्हा वापरण्याजोगे झाले की नाही, हे ते दुसऱ्या घरी गेल्यावर कळते. महाविद्यालयातील हिंदीच्या सहकाऱ्यांनी आपल्या यादीसाठी ते मागितले. हिंदी कोशांत क्ष चे शब्द क मध्ये आणि ज्ञ चे ज मध्ये येतात. त्यांनी कोष्टकातल्या काही ओळी बदलल्या; मॉड्यूल तेच राहिले.

विभक्तीच्या बाबतीत मात्र आम्ही थांबलो आहोत. गावाचे नाव घेऊन वाक्य जुळवणारे मॉड्यूल करावे, अशी एक सूचना होती. ‘बऱ्हाणपूर’चे ‘बऱ्हाणपुरात’ होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, पुण्याचे ‘पुण्यात’, साताऱ्याचे ‘साताऱ्यात’. सामान्यरूपाचे नियम आपण व्याकरणात शिकवतो, पण अपवादांसह सलग कोष्टकात उतरवायला बसलो की आपली तयारी कळते. सध्या त्या जागी ‘येथे’ घालून वेळ निभावली आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

विद्यार्थ्यांना आपल्या बोलीतले वीस शब्द कार्डांवर लिहायला सांगावे आणि ती कार्डे वर्णमालेप्रमाणे लावायला सांगावे. मग तेच शब्द संगणकाकडून लावून घ्यावेत आणि जिथे दोन याद्या वेगळ्या पडतात, तिथे थांबून कोणाचे बरोबर व का, हे लिहायला सांगावे. एका तासिकेत वर्णमाला, जोडाक्षरे, प्रमाणभाषा आणि बोली हे चारही विषय समोर येतात. आमच्याकडे हा स्वाध्याय आता दरवर्षी होतो, आणि कोष्टकात भर घालण्याचे काम त्या विद्यार्थिनीकडे आहे. ‘केयी’ची नोंद संग्रहात आहे; तिथून ‘केळी’कडे जाता येते, आणि ‘केळी’कडून परत.