बुडत्या शत्रूचे प्राण

युद्धाचा इतिहास अभ्यासताना किती जहाजे बुडाली व कोणाचा जय झाला, एवढीच मोजदाद बहुधा होते. बुडणाऱ्यांपैकी किती जणांना शत्रूनेच वाचविले, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. प्रस्तुत पाठात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्यासमोर ‘यू-३५२’ या जर्मन पाणबुडीने ‘इकॅरस’ या तटरक्षक दलाच्या लहानशा नौकेवर पाणतीर सोडला. तो वाया गेला. लेफ्टनंट मॉरिस जेस्टर यांच्या अधिपत्याखालील ‘इकॅरस’ने पाण्याखाली फुटणारे स्फोटक गोळे टाकून पाणबुडी जायबंदी केली. ती पृष्ठभागावर आली, तिच्यावर तोफा व मशीनगन चालल्या, खलाशांनी समुद्रात उड्या घेतल्या आणि ती बुडाली.

तीसाहून अधिक माणसे लाटांवर तरंगत होती. ‘इकॅरस’ मात्र तेथून दूर निघून गेली व त्यांना उचलावे काय, अशी बिनतारी संदेशाने विचारणा करू लागली. आरंभी उत्तर आले नाही. अखेर चार्ल्सटनहून आदेश मिळाला आणि नौका माघारी वळली. तिने ३३ जर्मनांना वर घेतले. त्यांतील एक जखमी खलाशी वाटेतच मरण पावला. त्याचे दफन अमेरिकेच्याच भूमीत झाले.

त्या विलंबाला निव्वळ निर्दयता म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. बुडालेल्यांना उचलण्यासाठी जहाजाला थांबावे लागते आणि थांबलेले जहाज दुसऱ्या पाणबुडीचे सोपे लक्ष्य ठरते. कप्तानाला पाण्यातील जिवांबरोबर आपल्या खलाशांच्या जिवांचाही विचार करावा लागतो. १९०७ च्या हेग करारातही चकमकीनंतर बुडालेल्यांचा शोध घेण्याचे कर्तव्य ‘लष्करी हिताला बाध येत नसेल तर’ या मर्यादेसह सांगितलेले होते.

ही मर्यादा किती ताणली जाऊ शकते, हे त्याच वर्षी दिसून आले. १२ सप्टेंबर १९४२ रोजी ‘यू-१५६’ या जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये ‘लॅकोनिया’ हे ब्रिटिश जहाज बुडविले. त्यावर सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी होते. कप्तान हार्टेन्स्टाइन यांनी बुडणाऱ्यांना वाचविण्यास आरंभ केला, मदतीसाठी उघड संदेश पाठविला व रेडक्रॉसचे चिन्ह पसरले. तरीही १६ सप्टेंबरला अमेरिकन विमानाने पाणबुडीवर बॉम्ब टाकले. दुसऱ्याच दिवशी जर्मन नौसेनानी डोनिट्झ यांनी बुडालेल्या जहाजांवरील माणसांना वाचविण्याचे प्रयत्न बंद करण्याचा हुकूम दिला. एका बाजूने दयेवर प्रहार केला आणि दुसऱ्या बाजूने दयेलाच मनाई केली.

युद्धानंतर १९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराने हे कर्तव्य अधिक स्पष्ट केले: प्रत्येक चकमकीनंतर, विलंब न लावता, शक्य ते सर्व उपाय योजून बुडालेल्यांना शोधून वर घ्यावे.

विद्यार्थी मित्रहो, यातून आम्हांस एक गोष्ट ध्यानी घ्यावीशी वाटते. पाणबुडी बुडेपर्यंत तो खलाशी शत्रू होता. पाण्यात पडल्यावर तो केवळ बुडणारा मनुष्य राहिला. हा फरक भीतीच्या व संतापाच्या क्षणी ओळखणे कठीण असते. म्हणूनच तो शांततेच्या काळात, शाळेच्या वर्गात शिकून ठेवावा लागतो.