पासिंगपुरते नळकांडे

परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, त्यापूर्वीच आमच्या दारी आलेल्या टेम्पोच्या पाटीवर ‘एमएच २२’ ही परभणीची अक्षरे अद्याप तशीच आहेत. मागे फळ्यांचे बाक, गोधड्या, पाण्याची टाकी आणि शिधा अशी सर्व तजवीज असलेले हे आमचे फिरते बिऱ्हाड आषाढीला नर्सीच्या दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत जाते आणि एरवी औंढा नागनाथाच्या खेपा करते. या जातीच्या जुन्या गाड्यांत इंजिन चालकाच्या शेजारीच, लोखंडी झाकणाखाली असते. आणि त्या झाकणावर गोधडी घालून आणखी एका पाहुण्याची सोय करण्याचा जो परिपाठ सर्वत्र आहे, तो आम्हीही इमानेइतबारे पाळीत होतो.

वैशाखातल्या एका दुपारी औंढ्याहून परतताना, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढ चढत असता, झाकणावर बसलेल्या वहिनी एकाएकी उठल्या. “भावजी, खालून चटके बसायलेत.” झाकण नेहमीच तापते, असे मी त्यांना समजावीत होतो, तोच कडेच्या फटीतून काळा धूर निघाला. डिझेलचा वास तर पंधरा दिवसांपासून येत होता. नाकाला त्याची सवय झाली होती, हा माझा पहिला कसूर.

माणसे उतरवली, चालकाने इंजिन बंद करून बॅटरीची वायर सोडवली आणि मी आग विझवण्याचे नळकांडे शोधू लागलो. ते शिध्याच्या पोत्यांखाली निघाले, आणि काटा तांबड्या पट्ट्यात. ते मुळात घेतलेच होते पासिंगसाठी. आरटीओच्या तपासणीस हजेरी लावण्यापलीकडे त्याच्याकडून आमची काही अपेक्षा नव्हती. एक उत्साही गृहस्थ झाकण उघडायला धावले, त्यांना मागे ओढले, कारण आत वारा शिरला असता तर भडका वर आला असता. टाकीच्या पाण्यात भिजवलेल्या गोधड्या फटींवर दाबून आणि शेजारच्या शेतातली माती खालून फेकून आग कशीबशी आटोक्यात आली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने माझ्या हातावर करंगळीहून बारीक अशा रबरी नळीचा करपलेला तुकडा ठेवला. नॉझलमधून उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणारी ही नळी पूर्वी चिरली, तेव्हा चिकटपट्टी गुंडाळून वर तार आवळण्यास मीच सांगितले होते, अर्थात ‘तात्पुरते’. पेट्रोल पेटते, डिझेल पेटत नाही, अशी आपली दृढ समजूत असते. परंतु ठिणगीवाचून आपोआप पेट घेण्यास डिझेलला पेट्रोलपेक्षा कमीच उष्णता, सुमारे २०० ते २५० अंश सेल्सिअस, पुरते, आणि भरली गाडी चढ चढत असताना धूर बाहेर नेणारे मॅनिफोल्ड ४०० अंशांच्याही पुढे तापलेले असते.

तेव्हा इंजिन थंड असताना प्रत्येक रबरी नळी बोटांनी दाबून पाहावी, आणि जी कडक, चिरलेली वा ओलसर लागेल ती त्याच दिवशी बदलून तारेऐवजी क्लिप लावावी. बॅटरीहून सेल्फकडे जाणाऱ्या जाड वायरीला बहुधा फ्यूज नसतो. ती पत्र्याच्या कडेला घासून सोलली, तर वीज तोडणारे मध्ये कोणीच नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा खुपसणाऱ्या वायरिंगवाल्यास तर गाडीला हात लावू देऊ नये. मिस्त्री विसरून जातो तो तेलकट बोळा आणि उंदरांनी जमवलेला काडीकचरा, दोन्ही वेळीच काढावे. ८ वर्षांपुढील व्यावसायिक वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते खरे, पण तो दाखला त्या दिवसाचा. नळी मात्र वर्षभर तापत असते.

नळकांडे आता चालकाच्या दाराशी टांगले आहे, काटा हिरव्यात आहे. नर्सीच्या दिंडीत गाडी आणणाऱ्या मंडळींना विनंती एवढीच, की निघण्याच्या आदल्या दिवशी झाकणावरची ती गोधडी उचलावी आणि विजेरी घेऊन आत एकदा पाहावे.